लावून बघा, मगच घ्या

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पॉवर बँक घ्यायला गेलात, तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. १०,००० एमएएच हा हिशेब आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. ५ व्होल्टने बाहेर पडताना तो ७,४०० वर येतो, आणि उष्णतेत जाणारी वीज वेगळीच. मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असते, ती वाचा. भारतीय मानक ब्युरोचा आर-क्रमांकही शोधा. आणि संकोच न करता म्हणा, “दादा, जरा लावून दाखवा.” समोर लावून बघण्याची ही मुभा मला सवलतीपेक्षा मोलाची वाटते. या अंकातल्या पॉवर बँका आणि केबली आम्ही दुकानातून विकत घेऊनच तपासल्या आहेत; कंपन्यांनी पाठवलेली एकही नाही.