व्यक्ती तितकी आतडी

"रोज एक डाळिंब खा, रक्तदाब विसरा!" असले निरोप आमच्या शेवगावातही फिरतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'भगवा' गोडच, पण हा सरसकट दावा मला मान्य नाही. ज्या एलॅजिटॅनिनचे गोडवे गातात, ते जसंच्या तसं अंगी फारसं लागत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन करतात, मग ते रक्तात जातं. स्पेनच्या संशोधकांनी २०१४ साली यावरून माणसांचे तीन गट मांडले. त्यातल्या एका गटात, म्हणजे साधारण दहातल्या एकात, युरोलिथिन बनतच नाही. मग गुण सगळ्यांना सारखाच कसा येईल? डाळिंब खुशाल खा, पण त्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. निरोप ढकलणाऱ्यांना कधी कळणार?