भांडणाचा तिसरा साक्षीदार

सणासुदीला घरात भांडू नये, असा संकेत सर्वच समाजांत आहे. आणि नेमक्या त्याच दिवसांत भांडणांना ऊत येतो, हाही सार्वत्रिक अनुभव आहे. या विसंगतीवर बेतलेला ‘द रेफ’ हा अमेरिकन चित्रपट १९९४ साली प्रदर्शित झाला. रेफ म्हणजे रेफरी, पंच. दिग्दर्शक टेड डेमी यांचा हा विनोद कडवट आहे, आणि आपल्या व्यवसायातील मंडळींनी तो जरूर पाहावा.

कथानक थोडक्यात असे. कनेक्टिकटमधील एका सुखवस्तू गावात, नाताळच्या पूर्वसंध्येला, गस नावाचा चोर पळ काढण्यासाठी लॉइड आणि कॅरोलाइन या दांपत्याला ओलीस धरतो. विवाह-समुपदेशकाकडे भांडून नुकतेच निघालेले हे दोघे पिस्तुलासमोरही गप्प बसत नाहीत. अखेर चोरालाच पंच व्हावे लागते. नातलग जेवायला आल्यावर तर समुपदेशकाचे सोंगही घ्यावे लागते. लॉइडच्या आईने मुलाला पैसे दिले आहेत तेही व्याजाने! डेनिस लिअरी, जूडी डेव्हिस, केव्हिन स्पेसी आणि ग्लिनिस जॉन्स यांनी हा कलह असा रंगवला आहे की हसू आवरत नाही.

माझे लक्ष मात्र जेसीकडे गेले. या दांपत्याच्या किशोरवयीन मुलाची रवानगी लष्करी शिस्तीच्या निवासी शाळेत झाली आहे. तेथे तो एका अधिकाऱ्याला छायाचित्रांचा धाक दाखवून पैसे उकळतो, आणि घरी येताच त्याला आईवडिलांपेक्षा चोर जवळचा वाटू लागतो.

हाच जेसी सात-आठ वर्षांचा असताना आपल्या दवाखान्यात येतो. त्याचे पोट वारंवार दुखते, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. तपासण्या निर्दोष निघतात. पण दुखणे ढोंग नसते. इंदूरमध्ये इतकी वर्षे बालरुग्ण तपासताना पाहिले आहे की अशी मुले परीक्षेच्या दिवसांइतकीच दिवाळीच्या सुटीनंतरही येतात.

‘मुलांसमोर भांडू नका’ हा आपला ठरलेला सल्ला. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. भांडण पाहून अस्वस्थ झालेली मुले ते मिटलेले पाहिल्यावर बरीच सावरतात, असे मानसशास्त्रज्ञ ई. मार्क कमिंग्ज यांच्या संशोधनात आढळले. आपल्या घरांत मात्र भांडण बैठकीत होते आणि समेट बंद दाराआड. मुलाला पहिला अंक दिसतो, शेवटचा दिसत नाही. म्हणून माझे मत असे : किरकोळ वाद मुलासमोर झाला असेल, तर तो मुलासमोरच मिटवावा. मारहाण, धमक्या, अपमान यांची गोष्ट निराळी. तेथे मुलाची आणि पीडित पालकाची सुरक्षितता प्रथम.

या चित्रपटाचा मूळ शेवट वेगळा होता. गुन्हेगारीच्या वाटेने काही साधत नाही, हे जेसीला उमगावे म्हणून गस स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होत असे. पूर्वप्रदर्शनात प्रेक्षकांना ते रुचले नाही. शेवट नव्याने चित्रित झाला, आणि गस निसटला. त्याला वाट दाखवतो तो जेसीच. करमणूक म्हणून हे ठीक. परंतु मूळ शेवटात एक मोठा माणूस त्या मुलासाठी काही किंमत मोजत होता, ते हरवले याची रुखरुख वाटते.

आपल्यालाही पंच करण्याचा प्रयत्न होतो. ‘डॉक्टर, यांना तुम्हीच सांगा,’ हे वाक्य कोणी ऐकलेले नाही? ती शिट्टी आपण तोंडात धरू नये. दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवणे आपले काम नव्हे. आईवडिलांना क्षणभर बाहेर बसवून मुलाला ‘घरी सगळे कसे आहे?’ एवढे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटे काढणे सोपे नाही, हे मी जाणतो. पण पोटदुखीचे निदान पुष्कळदा त्या पाच मिनिटांतच होते.