‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्यापूर्वी

भाषेतील काही म्हणी समाजाच्या शहाणपणाचे सार सांगतात, तर काही त्याच्या अज्ञानावर पांघरूण घालतात. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण दुसऱ्या प्रकारात मोडते. घरातील वृद्ध गृहस्थ जेवून हात धुताच पुन्हा पान वाढण्याचा आग्रह धरू लागले, चाळीस वर्षे ज्या गल्लीत राहिले तेथेच वाट चुकू लागले, पोटच्या मुलीला ‘आपण कोण?’ असे विचारू लागले, की घरची मंडळी ही म्हण उच्चारतात आणि विषय मिटवतात. वस्तुतः हा वयाचा धर्म नव्हे. तो मेंदूचा विकार आहे. अल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०६ साली ज्या रुग्ण स्त्रीची हकिगत वैद्यकतज्ज्ञांपुढे मांडली, ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी पन्नाशीची होती.

हा गैरसमज महागात पडतो. थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले कार्य, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, उतारवयातील खिन्नता यांमुळेही माणूस विसराळू आणि गोंधळलेला दिसू शकतो, आणि या गोष्टींवर उपचार आहेत. ‘वय झाले’ म्हणून जे घर डॉक्टरांची पायरी चढत नाही, ते ही संधी गमावून बसते.

परंतु आज विचार करावयाचा आहे तो रुग्णाइतकाच त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अनुमानानुसार भारतातील साठीपुढील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांची शुश्रूषा बहुतांशी घरीच होते आणि ती करणारी व्यक्ती बहुधा पत्नी, सून अथवा मुलगी असते. अमेरिकेत नॅन्सी मेस व पीटर रॅबिन्स यांनी १९८१ साली या शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘छत्तीस तासांचा दिवस’ अशा अर्थाचे आहे. ज्या घरात मध्यरात्री दाराची कडी वाजते आणि ‘मला माझ्या घरी जायचंय’ म्हणून वृद्ध बाहेर पडू पाहतात, त्या घराला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सासूबाईंच्या पाटल्या सापडत नाहीत, तेव्हा आळ येतो तो दिवसरात्र त्यांचे करणाऱ्या सुनेवरच. शेजारणी त्यावर विश्वास ठेवतात, आणि ती बिचारी कोणाजवळ बोलणार?

माणूस गेल्यावर दहा दिवस घर भरलेले ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे मात्र डोळ्यांसमोर बसलेला माणूस रोज थोडा थोडा जात असतो आणि त्या दुःखात सांत्वनाला कोणी येत नाही. चिडचिड, निद्रानाश, एकाकीपणा, आणि रागाच्या भरात आवाज चढला म्हणून पुढे आठवडाभर पुरणारी अपराधाची टोचणी, हे सारे त्या घरात निमूटपणे सोसले जाते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ सालच्या चित्रपटात संस्कृत पंडित वडिलांची स्मृती हरपते. त्यांच्या मुलीची घालमेल ज्यांनी पाहिली, त्यांना हे नव्याने सांगावयास नको.

शासनाने या बाबतीत काय केले? २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य ठरविले. त्यांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे योग्यच झाले. परंतु जो कर्तव्य टाळतो त्याच्यासाठी तुरुंग, आणि जो ते पार पाडताना मोडून पडतो त्याच्यासाठी काहीच नाही, हा कोणता न्याय? केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. स्मृती हरपलेल्या आईसाठी मात्र कारकुनाला वा शिक्षिकेला आपली साठविलेली रजाच मोडावी लागते.

यावर नेहमीचे उत्तर असे की, आपली कुटुंबव्यवस्था समर्थ आहे. आहे खरी, पण कुटुंब म्हणजे कोण? ज्या दोन खोल्यांत मुलगा व सून दोघेही नोकरीस जातात, तेथे ‘कुटुंब’ या भारदस्त शब्दाचा भार अखेर एकाच व्यक्तीच्या खांद्यावर येतो. दुसरा आक्षेप असा की, रोगच बरा होत नसेल तर खर्च कशाला करावयाचा?

या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथील ८१ कुटुंबांचा एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी तज्ज्ञांची फौज लागली नाही. बारावीपर्यंत शिकलेल्या, कोकणी बोलणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना आठवडाभराचे प्रशिक्षण दिले गेले. सहा महिने, पंधरवड्यातून निदान एकदा ते घरी जात, रोग समजावून सांगत, रुग्णाशी कसे वागावे ते शिकवीत आणि शुश्रूषा करणाऱ्याचे मन मोकळे होऊ देत. पाठीशी समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ असत. ज्यांना ही मदत लगेच मिळाली नाही, अशा कुटुंबांशी त्यांची तुलना केली गेली. रुग्णांच्या वर्तनात मोठा फरक पडला नाही. परंतु शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले. रोग तसाच राहूनही घर सावरू शकते, हा त्याचा अर्थ.

गोव्यात जे जमले ते महाराष्ट्रात का जमू नये? प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत असे कार्यकर्ते नेमावेत. मात्र हे काम आशा सेविकांच्या माथी फुकटात मारू नये. तालुक्याच्या गावी रुग्णाला दिवसातले चार तास सुरक्षितपणे ठेवता येईल अशी केंद्रे काढावीत, म्हणजे त्या सुनेला निदान दुपारची झोप मिळेल. शुश्रूषेसाठी वेगळी रजा मंजूर करावी. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे, तिचा क्रमांक शाळा-कचेऱ्यांच्या फलकांवर लागावा.

आणि शासन हालेपर्यंत? आपल्या चाळीत, आपल्या आळीत असे एखादे घर असेलच. तेथे जाऊन आजोबांजवळ तासभर बसावे आणि त्यांच्या सुनेला म्हणावे, ‘तुम्ही जरा बाहेर जाऊन या.’ आजोबा तुम्हाला ओळखणार नाहीत. ती मात्र तुम्हाला विसरणार नाही.