फलकावरचे दोन ठिपके आणि तळ्याकाठचं स्वीडन: अमेरिकेतल्या लिंडस्ट्रॉमची गोष्ट

एका अक्षरावरच्या दोन ठिपक्यांसाठी थेट राज्याच्या गव्हर्नरनं आदेश काढला, असं सांगितलं तर खरं वाटेल का?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात एप्रिल २०१५ मध्ये हे घडलं. गावाचं नाव लिंडस्ट्रॉम. मिनीअॅपोलिसच्या ईशान्येला, चिसागो तळ्यांच्या काठावर वसलेलं, जेमतेम साडेचार-पाच हजार वस्तीचं हे गाव स्वतःला 'अमेरिकेतलं छोटं स्वीडन' म्हणवतं. गावाची जुनी पाण्याची टाकी चक्क कॉफीच्या किटलीच्या आकाराची आहे आणि तिच्यावर स्वीडिश भाषेत 'स्वागत आहे' असं लिहिलंय.

नेमका वाद काय होता?

हायवेवरचे गावाच्या नावाचे फलक बदलले आणि नव्या फलकांवर नावातल्या 'ओ'वरचे दोन ठिपके गायब झाले. फलकांवर फक्त इंग्रजी वर्णमालेतलीच अक्षरं चालतात, असा वाहतूक विभागाचा नियम होता. वृत्तपत्रात बातमी आली, चर्चा झाली आणि गव्हर्नर मार्क डेटन यांनी ठिपके परत लावण्याचा आदेश दिला. वेळ पडली तर आपण स्वतः जाऊन ते रंगवू, असंही ते म्हणाले.

दोन ठिपक्यांनी एवढा काय फरक पडतो? स्वीडिश वर्णमालेत २९ अक्षरं आहेत आणि ठिपक्यांचा 'ओ' हे त्यातलं शेवटचं, स्वतंत्र अक्षर आहे. त्याचा उच्चारही वेगळा, ओठ गोल करून 'ए' म्हटल्यासारखा. आपल्याकडे 'टिळक' हे नाव हिंदीत 'तिलक' होतं तेव्हा आपल्याला जे खटकतं, साधारण तसंच हे.

हे लोक इथं आले कसे?

१८५० ते १९३० या काळात बारा लाखांहून अधिक लोक स्वीडन सोडून गेले, त्यातले बहुतेक अमेरिकेला. १८५० मध्ये स्वीडनची लोकसंख्या होती सुमारे ३५ लाख. यावरून या स्थलांतराचा आवाका लक्षात येईल.

कारणं साधी होती. वाटण्या होऊन तुकडे झालेली दगडाळ शेती, सरकारी चर्चची सक्ती आणि १८६७ ते १८६९ चा भीषण दुष्काळ. दुसरीकडे अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मिळत होती. अट एवढीच की तिथं पाच वर्षं राहायचं आणि जमीन कसायची. चिसागो तळ्यांकाठी तर स्वीडिश कुटुंबं या कायद्याच्या आधीच, १८५० च्या दशकात पोहोचली होती. डॅनियल लिंडस्ट्रॉम हा त्यांच्यापैकीच एक. त्याच्यावरूनच गावाला नाव मिळालं.

या तळ्यांना जगात ओळख मिळवून दिली ती कादंबऱ्यांनी. स्वीडिश लेखक विल्हेल्म मूबेरी १९४८ मध्ये माहिती गोळा करायला इथं आले. त्यांच्या चार कादंबऱ्यांमधलं कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना हे जोडपं याच तळ्यांकाठी संसार थाटतं. दोघंही काल्पनिक, पण त्यांचा पुतळा लिंडस्ट्रॉममध्ये उभा आहे. 'अॅबा' बँडच्या दोन कलाकारांनी १९९५ मध्ये क्रिस्तिनाच्या गोष्टीवर संगीतिकाही केली.

मग भाषा कुठे गेली?

भाषा मात्र काही पिढ्यांतच मागे पडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात मिनेसोटात इंग्रजीशिवाय इतर भाषा बोलणाऱ्यांकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. पुढे चर्च आणि घरांमध्येही इंग्रजीच रुळली. आता उरलेत ते सण, खाद्यपदार्थ, आडनावं आणि फलकावरचे ठिपके. भाषा हातात राहिली नाही की तिच्या खुणांना जास्त किंमत येते. म्हणूनच ठिपके गेल्यावर गाव दुखावलं.

पण गोष्ट इथंच संपत नाही

'चिसागो' हे नाव स्वीडिश नाही. ते ओजिब्वे भाषेतून आलंय, अर्थ 'मोठं, सुंदर तळं'. हा सगळा भाग मूळचा ओजिब्वे आणि डकोटा लोकांचा. १८३७ च्या करारांनी त्यांच्याकडून इथली जमीन घेण्यात आली आणि जेमतेम पंधरा वर्षांत तिथं स्वीडिश शेतकऱ्यांची घरं उभी राहू लागली. म्हणजे ज्यांनी गरिबीपायी गाव सोडलं, त्यांना नवं गाव मिळालं ते दुसऱ्या कुणाचं तरी गेलं म्हणून.

नाव परत मिळवणं सगळ्यांना सारखं सोपंही नसतं. मिनीअॅपोलिसमधल्या एका मोठ्या तळ्याला गुलामगिरीचे समर्थक नेते जॉन कॅलहून यांचं नाव होतं. त्याचं 'बिडे माका स्का' हे डकोटा नाव २०१८ मध्ये राज्यानं परत दिलं. त्याला कोर्टात आव्हान मिळालं आणि २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरच ते पक्कं झालं.

लिंडस्ट्रॉमचे ठिपके गव्हर्नरच्या एका सहीनं परतले. डकोटा नावाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. राज्य एकच, प्रश्नही एकच: या जागेला कुणाच्या भाषेत हाक मारायची? कुणाची मागणी 'गोड' ठरते आणि कुणाची 'वादग्रस्त', हे या दोन तळ्यांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसतं.