स्नेहमेळाव्याला न आलेला मित्र
साठी ओलांडलेले वर्गमित्र भेटले की निवृत्ती, नातवंडे, छंद यांच्या गप्पा रंगतात. हा नुसता वेळ घालवणे नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील २६८ विद्यार्थ्यांना, १९३८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात, संशोधकांनी आयुष्यभर अशीच खुशाली विचारली. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीतही अधिक निरोगी आढळले. 'लॅन्सेट'च्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाचे जे १४ धोके टाळता येण्याजोगे मानले, त्यांत एकाकीपणा आहे आणि उपचार न केलेला बहिरेपणाही. ऐकू येईनासे झाले, की माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो. म्हणून मेळाव्याला जो आला नाही, त्याची चौकशी आधी व्हावी. 'सुप्रभात'चा संदेश पुरेसा नाही. घरी जावे, गरज असल्यास कानाच्या डॉक्टरांकडेही न्यावे.