उपवास सारखा म्हणून धर्म एक होत नाही

काही शीख घरांतही करवा चौथचा उपवास धरतात, म्हणून शीख हिंदूच, असे सांगितले जाते. मित्रांनो, गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, रविदास-कबीरही आहेत. त्यातच कबीर अन्न सोडण्याचे ढोंग उघडे पाडतात. शिखांचा खरा वारसा लंगर : जात न विचारता एकच पंगत. येवल्याच्या घोषणेनंतर, १९३६ मध्ये बाबासाहेब अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते.

संविधानाच्या कलम २५ मध्ये हिंदूंत शीख, जैन, बौद्ध धरले, ते समाजसुधारणा व मंदिरे खुली करण्याच्या उपकलमापुरतेच. सोपाऱ्याच्या स्तूपाचा वारसा सांगणाऱ्या आम्हा वसई-विरारच्या बौद्धांनाही हेच ऐकवले जाते. आमचा प्रश्न एकच : उपवास कोण धरतो ते राहू द्या, पंगतीला शेजारी कोणाला बसवता?