चिप्सच्या पाकिटाला भाव नाही

माझं काम डॅशबोर्ड बनवण्याचं. परवा मीटिंगमध्ये स्क्रीनवर एका बाजूला चिप्सची कंपनी, दुसऱ्या बाजूला सिमेंटची, मध्ये एक बाण. याला म्हणे चक्रीय अर्थव्यवस्था. तो बाण चालवतं कोण, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुण्यात तो बाण म्हणजे सकाळी दारात येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ मध्ये त्यातूनच आलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. पुठ्ठा, बाटली विकून ताईंना पैसे मिळतात. चिप्सच्या पाकिटात मात्र प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटलेले. भंगारवाला ते घेत नाही. कंपनीने वेगळे पैसे मोजले नाहीत, तर ते उचलणं म्हणजे फुकटची मेहनत.

पुढे ते सिमेंटच्या भट्टीत जळतं आणि कंपनीची जबाबदारी पार पडते. जळून संपलं, ते वर्तुळ कसलं?

दुसरं काही होतच नाही, असंही नाही. पुण्याच्याच 'अशाया'ने २०२३ मध्ये अशा पाकिटांपासून गॉगल बनवले.

२०१३ मध्ये कचरावेचक महिलांनी वापरलेले सॅनिटरी पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते. इतका प्रामाणिक डॅशबोर्ड मला अजून जमलेला नाही.

कंपन्यांनो, एकमेकांशी हात मिळवण्याआधी पाकीट उचलणारीचा किलोमागे दर ठरवा, तिच्या संघटनेसमोर बसून. परवडत नसेल, तर पाकीट एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं करा.

पुढच्या डॅशबोर्डवर मी त्या दराचा रकाना टाकतोय. रिकामा दिसला, तर रिकामाच दिसू दे.